पायांच्या मुंग्या आणि बी-१२ : लालबागमधील एका माळकरी रुग्णाचे प्रकरण

हे प्रकरण लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या ६१ वर्षांच्या गृहस्थांचे आहे. मूळ गाव सिंधुदुर्गात, नोकरी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात आणि निवृत्तीनंतर बहुतेक वेळ भजनी मंडळात. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तुळशीची माळ घातली आणि तेव्हापासून मासे, मटण, अंडी पूर्ण बंद केली. नऊ वर्षांपासून त्यांना मधुमेह असून त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. हा वृत्तान्त त्यांच्या संमतीने लिहिला आहे व ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बी-१२ ची कमतरता आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले होते आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के होते. रक्तात पातळी कमी असणाऱ्या प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही, हेही खरे. पण ज्याला त्रास होत आहे, त्याच्या बाबतीत तो ओळखला जात नाही, कारण प्रत्येक लक्षणाला एक तयार आणि पटण्यासारखे कारण घरातच उपलब्ध असते. या रुग्णाच्या बाबतीत असे जवळजवळ दीड वर्ष चालले.

तक्रारी आणि त्यांची लावलेली कारणे

पहिली तक्रार दोन्ही तळपायांना येणाऱ्या मुंग्यांची होती. मधुमेहाने नसा बिघडतात हे आता घरोघरी माहीत झाले आहे, त्यामुळे मुंग्या साखरेच्या खात्यावर मांडल्या गेल्या. काही महिन्यांनी तळव्यांना बधिरपणा आला. कापसावर चालल्यासारखे वाटते, असे ते सांगत. त्याचे कारण वय. जिभेची आग होऊ लागली, साधी आमटीही झोंबू लागली, तेव्हा ‘तोंड आले आहे, उष्णता वाढली आहे’ म्हणून सब्जाचे पाणी आणि गुलकंद सुरू झाला. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या, त्याला थंडीचे दिवस कारणीभूत ठरले. स्वभाव चिडका झाला, तो निवृत्तीमुळे. भजनात वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेल्या अभंगांचे चरण मागेपुढे होऊ लागले, तेव्हा मात्र ते स्वतः घाबरले, परंतु ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

त्यांना दवाखान्यात आणले ते सुनेने. तिने सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. एका संध्याकाळी मंडळातून घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, “अहो, दुसरी चप्पल कुठे आहे?” त्यांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी होता. चप्पल जिन्यात निसटली होती आणि वरच्या मजल्यापर्यंत चालत येऊनही पायाखालची फरशी त्यांना जाणवली नव्हती. सून म्हणाली, “बाबांना पाय दुखत नाही म्हणून ते बरे आहेत, असं सगळे म्हणतात, पण मला तर न दुखण्याचीच भीती वाटते.” एखाद्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे असे हे निरीक्षण होते.

पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, ही तक्रार विचारल्याशिवाय रुग्ण सहसा सांगत नाही, कारण त्याला तो आपला वेंधळेपणा वाटतो. म्हणून मुंग्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला चपलेबद्दल विचारावे आणि त्याच्या जोडीने आणखी दोन प्रश्न विचारावेत. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर तोल जातो का? अंधारात जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागतो का? या गृहस्थांनी दोन्हींना होकार दिला. मोरीत तोंड धुताना ते काही महिन्यांपासून एक हात भिंतीला टेकवत होते आणि करी रोड स्टेशनचा जिना गर्दी ओसरल्यावरच उतरत होते. पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारा निरोप मणक्यातील मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातो. तो निरोप क्षीण झाला की माणूस डोळ्यांनी पाहून चालतो आणि डोळे मिटले किंवा दिवे गेले की त्याचा तोल सुटतो.

तपासणी

चेहऱ्यावर फिकेपणा होता, पण फार नाही. जीभ लालसर आणि गुळगुळीत होती. जिभेवरचा नेहमीचा खरखरीतपणा कडांना जवळजवळ नाहीसा झाला होता. दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांवरील कातडी आसपासच्या कातडीपेक्षा ठळक काळी पडली होती. उन्हामुळे असेल, असे ते म्हणाले. उन्हाने हाताची पाठ सरसकट काळवंडते. केवळ सांध्यांवर उमटलेला काळेपणा आपल्याकडील रुग्णांत बी-१२ च्या कमतरतेकडे बोट दाखवू शकतो आणि उपचारानंतर तो ओसरतो. ही खूण बिनखर्चाची आहे आणि दिवसाउजेडी हात पुढे करायला सांगितले की दिसते, तरीही ती फार कमी वेळा पाहिली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटाच, वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. “काका, कंप जाणवतो का?” “काहीतरी थंड लागतंय.” घोट्यावर तेच उत्तर. नडगीवर तेच. गुडघ्याच्या वाटीवर टेकवल्यावर ते म्हणाले, “हां, आता थरथरतंय.” डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर किंवा खाली हलवला, तर दिशा सांगताना ते अंदाज बांधत होते. पाय जुळवून उभे करून डोळे मिटायला लावल्यावर ते काही क्षणांतच झुकले आणि त्यांना धरावे लागले.

येथपर्यंतच्या बऱ्याच गोष्टी मधुमेहातही दिसू शकतात, म्हणून फरक कोठे होता हे नीट सांगितले पाहिजे. मधुमेहाचा नसांवरील परिणाम साधारणपणे तळव्यांपासून हळूहळू वर चढतो आणि गुडघ्यांच्या आसपास पोहोचल्यावर हातांची बोटे बधिर होऊ लागतात. या गृहस्थांच्या हातांत मुंग्या पायांच्या पाठोपाठच आल्या होत्या. भजनात टाळ वाजवताना त्याची दोरी बोटांत नीट धरली आहे की नाही हे त्यांना कळेनासे झाले होते आणि सदऱ्याची बटणे बघून लावावी लागत होती. दुसरे असे की, हातोडीने घोट्यामागे ठोकल्यावर अपेक्षित प्रतिक्षिप्त हालचाल झाली नाही, पण गुडघ्यावर ती नेहमीपेक्षा जोरात झाली आणि तळव्याच्या कडेवरून ओरखडा काढल्यावर अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला. केवळ पायांच्या नसा बिघडल्या असत्या, तर असे झाले नसते. बिघाड मज्जारज्जूपर्यंत पोहोचला होता आणि साखरेचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडत होते.

जुनी फाइल

दवाखान्यात येताना जुने सगळे कागद आणावेत, असा माझा आग्रह असतो. सुनेने प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे आणले होते. त्यात दीड वर्षापूर्वीचा एक रक्ताचा अहवाल होता. हिमोग्लोबिन १०.६, त्याखाली पेनाने रेघ ओढलेली. त्याच कागदावर दोन ओळी खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचे सरासरी आकारमान, १०८ छापलेले होते. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सर्वसाधारण मर्यादा ८० ते १०० आहे. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले तर त्या मोठ्या होतात. रक्त कमी आहे एवढे पाहिले गेले, पेशी मोठ्या आहेत हे पाहिले गेले नाही आणि ‘रक्तवाढीच्या गोळ्या’ सुरू झाल्या. त्या गोळ्यांत लोहाबरोबर दीड मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड होते.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४ झाले. घरात आनंद झाला आणि याच काळात मुंग्यांची जागा बधिरपणाने घेतली.

हे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे आणि त्यातील एक धागा लालबागला अगदी लागून आहे. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. त्या स्त्रियांच्याही लाल पेशी मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्या अर्कातील उपयोगी घटक फॉलिक ॲसिड असल्याचे स्पष्ट झाले. याउलट घातक रक्तक्षय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारात यकृताच्या अर्कातून जो घटक उपयोगी पडत होता, तो बी-१२. तो १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. रक्तात दोन्ही कमतरता सारख्याच दिसतात, कारण पेशी विभागताना डीएनए तयार करण्याच्या कामी दोघांची गरज असते. बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिले, तर बी-१२ नसतानाही हे काम बऱ्याच अंशी भागते आणि हिमोग्लोबिन वाढते. मज्जातंतूंवरील वेष्टन टिकवण्याचे काम मात्र बी-१२ शिवाय भागत नाही. रक्त सुधारत राहते आणि नसा बिघडत राहतात.

म्हणून हिमोग्लोबिन ठीक आहे एवढ्यावरून बी-१२ ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. नसांचा बिघाड झालेल्या अनेक रुग्णांत रक्तक्षय जेमतेम असतो किंवा नसतोच. शिवाय लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे लाल पेशी लहान ठेवणारा सौम्य आनुवंशिक दोष, सोबत असेल, तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मिळून एमसीव्ही बेमालूमपणे ८५-९० येतो आणि छापील मर्यादेत बसतो.

नव्या तपासण्या

रक्ताचा नमुना इंजेक्शन देण्याआधीच घेतला. एकदा इंजेक्शन किंवा बी-१२ असलेली गोळी पोटात गेली की रक्तातील आकडा वाढतो आणि खरी स्थिती झाकली जाते. पुष्कळांचे निदान या एका घाईमुळे अवघड होऊन बसते. बी-१२ मिलिलिटरमागे ११८ पिकोग्रॅम आले. बहुतेक प्रयोगशाळा २०० च्या खाली कमतरता मानतात आणि २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा समजतात; त्या पट्ट्यातील रुग्णाला लक्षणे असतील, तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड, म्हणजे बी-१२ कमी पडल्यावर रक्तात साचणारे पदार्थ, तपासावे लागतात. यांचे होमोसिस्टीन ४१ होते, जे साधारणपणे १५ च्या आत असते. एमसीव्ही ९८, म्हणजे मर्यादेत. परंतु रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अभिप्राय द्यावा, अशी विनंती केली होती, त्यात पाचपेक्षा अधिक खंडांची केंद्रके असलेल्या पांढऱ्या पेशी सापडल्या, आणि ही बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडच्या कमतरतेची जुनी, भरवशाची खूण आहे. यंत्राने छापलेल्या आकड्यांत ती दिसत नाही.

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ टक्के, म्हणजे आटोक्यात होती, थायरॉइड व्यवस्थित होते. मणक्याच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात अपेक्षित बदल दिसले आणि मणक्याचा दाब कोठेही नव्हता. ड जीवनसत्त्वही कमी होते; त्याचे उपचार नेहमीप्रमाणे केले.

कमतरता का झाली, या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. बी-१२ फक्त प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळू शकते. या घरात दूध चहापुरते आणि ताक एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते आणि साठा मिलिग्रॅममध्ये, बहुतांश यकृतात. त्यामुळे मासे सोडल्यावर कित्येक वर्षे काही जाणवले नाही आणि माळ घालणे व मुंग्या येणे यांचा संबंध कोणाच्या मनातही आला नाही. त्यात मेटफॉर्मिनची भर पडली, कारण ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील बी-१२ चे शोषण कमी करते. म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशन २०१७ पासून दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ ची तपासणी अधूनमधून करावी असे सुचवते. तिसरी गोष्ट विचारल्यावर कळली. चार वर्षांपासून ते रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेत होते, पँटोप्राझोल, औषधाच्या दुकानातून थेट आणलेली. ‘औषधे कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी ती सांगितली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती औषधात जमा नव्हती. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल लागते. तेच दाबून टाकल्यावर चहातल्या दुधातून मिळणारे थोडेसे बी-१२ देखील अंगी लागणे कठीण झाले.

उपचार आणि पुढचे वर्ष

इंजेक्शनची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “डॉक्टर, हे कशापासून बनतं?” हा प्रश्न टाळून चालणार नव्हते. पूर्वी यकृताचे अर्क दिले जात, ही गोष्ट खरी आहे. आजचे बी-१२ मात्र जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, त्यात मांसाचा अंश नसतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, म्हणून पुढे गोळीच घ्यावी असे ठरले. माळकरी रुग्णाला ‘अंडी खा’ असे सांगणे सोपे आहे, पण त्याने तो पुन्हा आपल्याकडे येत नाही. त्याच्या व्रताच्या मर्यादेत उपाय देता येतो आणि तो तितकाच गुणकारी असतो.

हजार मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन पहिले काही आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला एक आणि नंतर महिन्याला एक असे दिले. लोह-फॉलिक ॲसिडची गोळी थांबवली. पँटोप्राझोल एकदम बंद केल्यास आम्लपित्त उसळते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने सोडवले. मेटफॉर्मिन मात्र चालू ठेवले, कारण ते साखरेसाठी उत्तम काम करत होते आणि बी-१२ पुरवल्यावर ते बंद करण्याचे कारण उरत नव्हते.

जिभेची आग पंधरवड्यात थांबली. चिडचिड कमी झाल्याचे त्यांच्या आधी घरातल्यांना जाणवले. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या वाढल्या आणि ते निराश होऊन आले. उपचाराच्या सुरुवातीला असे काही काळ होऊ शकते, हे आधी सांगून ठेवले असल्यामुळे इंजेक्शने चुकली नाहीत. तीन महिन्यांत अंधारातला जिना जमू लागला. सहाव्या महिन्यात सांध्यांवरचा काळेपणा जवळजवळ गेला आणि टाळ पुन्हा हातात आला. अभंगांचे चरणही आता चुकत नाहीत, असे मंडळाचेच म्हणणे आहे. वर्षानंतर नादकाट्याचा कंप घोट्यावर जाणवतो, अंगठ्यांवर अजून जाणवत नाही, आणि तो कधी जाणवेल असे मला वाटत नाही. नसांचा बिघाड जितका जुना, तितका तो कमी भरून येतो. त्या दीड वर्षापैकी सहा-आठ महिने जरी वाचले असते, तरी कदाचित तेही परत मिळाले असते. अनवाणी चालायचे नाही आणि रोज रात्री तळवे आरशात पाहायचे, ही सवय त्यांना आता कायमची ठेवावी लागेल. इंजेक्शनांऐवजी रोज हजार मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. एवढ्या मोठ्या मात्रेतील सुमारे एक टक्का भाग आतड्यातून आपोआप झिरपून रक्तात येतो आणि रोजच्या गरजेला तो पुरतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. जिभेची आग आणि ओठांच्या चिरा बी-२ च्या व लोहाच्या कमतरतेतही होतात. तेवढ्यावरून बी-१२ चे निदान करणे चूक ठरेल. नखांवरील पांढरे ठिपके कॅल्शियम कमी असल्याचे लक्षण आहे, हा तर निव्वळ समज आहे. ते बहुधा नखाला लागलेल्या किरकोळ माराचे असतात. या प्रकरणात वजन होते ते जीभ, सांध्यांवरचा काळेपणा, निसटणारी चप्पल, मिटलेल्या डोळ्यांनी जाणारा तोल आणि आहार-औषधांचा इतिहास, हे सारे एकाच माणसात एकत्र आले याला.

घरातील इतर

एका चुलीवर जेवणाऱ्या सर्वांची चौकशी करणे क्रमप्राप्त होते. मुलगा बाहेर मासे व अंडी खातो; त्याची पातळी चांगली होती. पत्नीची १६८ आली. थकव्यापलीकडे तक्रार नाही, तपासणीत दोष नाही, म्हणून गोळी सुरू केली.

खरी चिंता सुनेची होती. ती चौथ्या महिन्याची गरोदर होती. माहेरी ती मासे खात असे. लग्न होऊन या घरात आल्यावर स्वयंपाकघर शाकाहारी म्हणून तिनेही सोडले आणि आता त्याला सहा वर्षे झाली होती. तिची पातळी १४२ होती. गरोदरपणात हा आकडा काहीसा खाली येतोच, पण इतकी वर्षे प्राणिज अन्न जवळजवळ नसलेल्या स्त्रीत तेवढ्यावर भागवणे योग्य नव्हते. गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात आणि त्या दिल्याच पाहिजेत; पण त्यांत बी-१२ नसते. आईच्या शरीरात साठा नसेल, तर बाळ तो घेऊन जन्माला येत नाही आणि केवळ अंगावर पिणाऱ्या अशा बाळाची वाढ काही महिन्यांनी खुंटू शकते, मान धरणे लांबू शकते, हातपायांना कंप सुटू शकतो. तिच्या प्रसूतितज्ज्ञ बाईंना अहवालांसह पत्र लिहिले. लोह-फॉलिक ॲसिडच्या जोडीला बी-१२ ची गोळी सुरू झाली असून बाळ अंगावर पीत असेपर्यंत ती चालू राहील. पुढची तपासणी सातव्या महिन्यात आहे.